चेंडूच्या वाटेबाहेर

‘द ट्वायलाइट झोन’ हे पिनबॉल यंत्र १९९३ साली बॅली या नावाने शिकागोतून बाहेर पडलं. त्याचा रचनाकार पॅट लॉलर. आदल्याच वर्षी त्याच्या ‘द ॲडम्स फॅमिली’ या यंत्राने खपाचे उच्चांक मोडले होते, वीस हजारांच्या वर यंत्रं विकली गेली होती. त्या यशामुळे पुढच्या यंत्रासाठी कंपनीने त्याला मोकळीक दिली आणि लॉलरने ती पुरेपूर वापरली. नेहमीपेक्षा रुंद पेटी, बटण दाबलं की चेंडू परत फटकावणारे चार फ्लिपर, सहा चेंडू. त्या सहांपैकी एक पांढरा, चिनी मातीच्या जातीचा, पोलादी चेंडूंपेक्षा हलका आणि लोहचुंबकाला अजिबात न जुमानणारा. खरे काटे फिरवणारं घड्याळ, जे खेळ चालू असताना उरलेला वेळ दाखवतं आणि खेळ बंद असताना घरातल्या घड्याळाप्रमाणे खरी वेळ. नाणं टाकल्यावर च्युइंगगमची रंगीत गोळी देणारं अमेरिकन दुकानांच्या दारातलं यंत्र, इथे पोटात चेंडू साठवणारं. वरच्या अंगाला एक छोटं तिरकं मैदान, ज्यावर फ्लिपरच नाहीत. तिथे बटण दाबलं की खाली लपवलेले लोहचुंबक चेंडूला झटका देतात.

मला लिहायचं आहे ते या यंत्रात लोकांनी नंतर बसवलेल्या छोट्या प्रतिकृतींविषयी. यंत्रमानव, अग्निबाण, सैतानाच्या मुंडक्याची पेटी, विमानाच्या पंखावरचं भूत. कारखान्यातून आलेल्या यंत्रात यातलं बरंच काही नसतं. मालक ते विकत घेतो किंवा घरी घडवतो, रंगवतो आणि काचेखाली नेमक्या जागी बसवतो. याला सजावट म्हणणं सोपं आहे, पण मला ते एक प्रकारचं भाष्य वाटतं. चांगलं भाष्य मूळ ग्रंथाच्या ओळींमधून वाट काढत जातं, ओळींवर पाय ठेवत नाही. इथे ओळ म्हणजे चेंडूची वाट.

आधी मूळ ग्रंथ. ‘द ट्वायलाइट झोन’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका १९५९ ते १९६४ या काळात सीबीएसवर दाखवली गेली. एकूण १५६ भाग, त्यातले ९२ एकट्या रॉड सर्लिंगने लिहिलेले, आणि प्रत्येक भागाच्या दाराशी त्याचाच आवाज प्रेक्षकाला आत बोलावणारा. या साहित्यातून यंत्र घडवताना लॉलरने एकही गोष्ट सांगायला घेतली नाही. त्याने गोष्टींमधल्या वस्तू तेवढ्या उचलल्या आणि मैदानभर विखुरल्या. पुढच्या काही मिनिटांत काय होणार त्याचा फोटो काढणारा कॅमेरा. ऐकणाऱ्याचं खरं मन उघडं पाडणारा पियानो. माणसाला वेड लावणारं जुगाराचं यंत्र. रस्त्यात पुन्हा पुन्हा अंगठा दाखवत उभा असलेला वाटसरू, जो एका बाईला दिसतो, कारण ती कधीच मेलेली आहे. आणि मधोमध, रंगवलेल्या चौकटींचं मोठं दार. चेंडू कॅमेऱ्याच्या भोकात पडतो, पियानोच्या भोकात पडतो, एकेक चौकट उजळते. ज्याने ते भाग पाहिले आहेत त्याच्या मनात गोष्ट सुरू होते. ज्याने पाहिले नाहीत तो गुण मोजत खेळत राहतो, त्याचंही काही अडत नाही.

म्हणजे हे यंत्र संदर्भांचं बनलेलं आहे, आणि संदर्भ म्हटला की मध्ये मोकळी जागा आलीच. त्या मोकळ्या जागेने लोकांना आत ओढलं असं मला वाटतं. ‘द ॲडम्स फॅमिली’त घर ठरलेलं, माणसं ठरलेली. इथे १५६ गोष्टी बाहेर उभ्या आहेत आणि आत आल्या त्या थोड्याच. उरलेल्यांपैकी कुणाला आत घ्यायचं हा प्रश्न यंत्र प्रत्येक मालकापुढे उघडा ठेवतं. लॉलरचं स्वतःचं काम तरी कुठे पूर्ण होऊ दिलं होतं? गोल वळणाच्या वाटेवर चेंडू धरून ठेवणारे लोहचुंबक त्याच्या मनात तीन होते. खर्च वाचवण्यासाठी विक्रीच्या यंत्रांतून तिसरा गाळला गेला, पण सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय तशीच राहिली. आज कित्येक मालक तो तिसरा लोहचुंबक बसवतात आणि सेटिंगमध्ये जाऊन तो आहे असं यंत्राला सांगतात. गाळलेली ओळ हस्तलिखितात परत लिहावी तसं हे काम आहे. प्रतिकृती बसवणारे याच मंडळींचे भाऊबंद.

हे सगळं घडू शकलं कारण यंत्रं घरात आली. बारमधल्या किंवा आर्केडमधल्या यंत्राचा मालक नाण्यांचा हिशेब करणारा असे. आत एक जादा वस्तू म्हणजे चेंडू अडकण्याची एक जादा शक्यता, आणि अडकलेला चेंडू म्हणजे बंद पडलेली कमाई. १९९९ मध्ये विल्यम्स कंपनीने पिनबॉलचा कारखाना बंद केला, बॅलीचं नावही त्यांच्याकडेच होतं. त्यानंतर ही यंत्रं तळघरांत आणि गॅरेजांत, वाचणाऱ्यांच्या हातात गेली. इलिनॉयमध्ये राहणाऱ्या माझ्या एका मित्राकडे असंच एक आहे. पुढे जे सांगतो ते बरंचसं त्याच्या यंत्रापाशी उभं राहून पाहिलेलं.

बसवण्याची रीत समजल्याशिवाय या प्रतिकृतींचं सौंदर्य कळत नाही, म्हणून तिथे थोडं थांबतो. पिनबॉलचं मैदान प्लायवुडचं, वर छापील चित्र आणि त्यावर कडक लेप. ते साधारण साडेसहा अंशांनी खेळाडूकडे उतरतं. चेंडू २७ मिलिमीटर व्यासाचा, ८० ग्रॅमच्या आसपास वजनाचा. कॉइलने त्याला लाथ मारली की तो अख्खं मैदान क्षणात पार करतो, आणि कधी कधी उडून काचेवरही आदळतो. तेव्हा मैदानाच्या लाकडावर प्रतिकृती ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. तिची खरी जमीन आहे चेंडूच्या वर बसवलेल्या रंगीत प्लास्टिकच्या पट्ट्या. या पट्ट्या लहान खांबांवर पेचांनी आवळलेल्या असतात. जाणता माणूस त्यातलं एक नट काढतो, त्याच पेचावर षट्कोनी धातूचा छोटा खांब किंवा वाकवलेली पत्र्याची पट्टी चढवतो आणि तिच्यावर प्रतिकृती बसवतो. लाकडात नवं भोक पाडायचं नाही. चित्रात पाडलेलं भोक पुन्हा बुजत नाही, आणि भाष्यकाराने ग्रंथाची पानं फाडायची नसतात. हा नियम मला कौशल्याइतकाच नीतीचा वाटतो. उद्या यंत्र दुसऱ्याच्या हाती गेलं तर एक पाना घेऊन त्याला सगळं उतरवता आलं पाहिजे आणि खाली लॉलरचं मैदान जसंच्या तसं सापडलं पाहिजे.

मग चाचणी. वीज बंद, काच बाजूला, हातात चेंडू. तो प्रत्येक वाटेने, प्रत्येक रॅम्पवरून हाताने फिरवायचा आणि बघायचं, कुठे घासतो का? प्रतिकृतीच्या पायाशी सपाट कपार उरली आहे का, जिथे उडालेला चेंडू जाऊन आरामात बसेल? तशी कपार सापडली तर तिथे तार वाकवून अडसर करायचा किंवा प्रतिकृतीच थोडी कलती करायची. काचेला डोकं टेकता कामा नये. टेकलं तर प्रत्येक झटक्याला खडखड ऐकू येते. नट नायलॉनच्या कड्याचं हवं, कारण कॉइलच्या हादऱ्यांनी साधं नट काही आठवड्यांत सैल होतं. दुहेरी चिकटपट्टी वापरायची तर जागा आधी स्पिरिटने पुसून घ्यायची, कारण मैदानाला वेळोवेळी मेण लावलेलं असतं आणि त्याचा अंश सगळीकडे पसरलेला असतो.

आणि नजर. खेळाडू खालच्या टोकाशी उभा असतो आणि वरून, तिरकं पाहतो. बाजारात मिळणारी बहुतेक छोटी खेळणी कपाटातल्या फळीवर, डोळ्यांच्या रेषेत ठेवण्यासाठी घडवलेली असतात. ती यंत्रात तशीच उभी केली तर खेळाडूला त्यांची टाळू दिसते, चेहरा दिसत नाही. माझ्या मित्राने त्याच्या यंत्रमानवाच्या पावलांखाली पुढच्या बाजूने एक वॉशर सरकवलं. तेवढ्याने यंत्रमानव किंचित मागे रेलला, त्याचा चेहरा वर आला आणि तो खेळणाऱ्याकडे पाहू लागला. एका वॉशरने एवढं होतं. मूर्तिकार उंचावर बसवायच्या मूर्तीची मान जरा पुढे झुकवतो, त्याची ही उलट बाजू.

हा यंत्रमानव म्हणजे रॉबी. १९५६ च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या चित्रपटासाठी तो घडवला गेला आणि पुढे या मालिकेच्या काही भागांतही वापरला गेला. मित्राच्या यंत्रात तो अग्निबाणापेक्षा उंच आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हे मला खटकायला हवं होतं, पण खटकलं नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर वाढलेल्या माणसाला खटकणार कसं? आमच्या किल्ल्यांवर बुरुजाहून उंच मावळा पहारा देई, विहिरीपेक्षा मोठी गवळण तिच्या काठाशी बसे, आणि सिंहासनावरचे महाराज सगळ्या गडाच्या दुप्पट असत. प्रत्येकाचं मोजमाप त्याच्या मानाप्रमाणे ठरे. पिनबॉलमध्येही तसंच आहे. इथे एकच पक्कं माप आहे, चेंडूचं, आणि बाकी सगळ्यांनी आपापलं माप गोष्टीतल्या वजनाप्रमाणे घ्यायचं. रेल्वेच्या मॉडेलांचा शौक असलेली माणसं सगळं एकाच प्रमाणात, सत्त्याऐंशी पटींनी लहान, करायला जातात तेव्हा मैदान नीटनेटकं आणि मुकं होतं.

न आवडलेलंही सांगतो. या यंत्रात बसवण्यासाठी एक छोटा दूरचित्रवाणी संच मिळतो, ज्याच्या इवल्या पडद्यावर मालिकेची दृश्यं खरोखर चालतात. कल्पना मोहक आहे, कारण मालिका त्या पेटीतूनच आली. पण हलतं चित्र डोळ्याला ओढतं, आणि पिनबॉलमध्ये डोळा एकाच गोष्टीचा असतो. पडद्यावर सर्लिंग प्रकटला त्या क्षणी चेंडू दोन फ्लिपरांच्या मधून निघून गेला, तर ते भाष्य मूळ ओळ खोडणारं ठरतं. शिवाय लॉलरने जी गोष्ट सांगायचं टाळलं होतं ती हा पडदा सांगून टाकतो. संदर्भाची मोकळी जागा तो भरून टाकतो. मला तिथे बंद, काळा पडदा असलेला संच जास्त आवडेल.

याउलट सैतानाची पेटी. १९६० च्या ‘निक ऑफ टाइम’ या भागात एक नवपरिणीत जोडपं ओहायोतल्या एका छोट्या गावातल्या उपाहारगृहात बसतं. टेबलावर एक पेटी, वर सैतानाचं मुंडकं, आत भविष्य. एक सेंट टाकायचा, प्रश्न विचारायचा, छापील चिठ्ठी बाहेर येते. विल्यम शॅटनरने साकारलेला नवरा विचारत सुटतो आणि त्याला थांबता येत नाही. रिचर्ड मॅथिसनची ही गोष्ट. पिनबॉल यंत्रात या पेटीला जागा देणं ही मला फार खोल जाणारी निवड वाटते. नाणं टाकून नशिबाला प्रश्न विचारणं, एवढंच तर पिनबॉलवरचं जुनं बालंट होतं. न्यूयॉर्क शहराने १९४२ मध्ये हा जुगार आहे म्हणून त्यावर बंदी घातली. फ्लिपर तेव्हा आलेच नव्हते. ते आले १९४७ मध्ये, गॉटलीब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात. बंदी मात्र १९७६ पर्यंत राहिली आणि ती उठताना रॉजर शार्प नावाच्या तरुण लेखकाला शहराच्या समितीपुढे यंत्रावर खेळून दाखवावं लागलं. चेंडू कुठल्या वाटेने जाणार हे त्याने आधी सांगितलं आणि तो तिथूनच गेला. नशीब की कसब, हा पिनबॉलचा सगळ्यात जुना वाद त्या छोट्या पेटीत बसला आहे. शॅटनरच्या हातात फक्त नाणं आहे. आपल्या हातात नाणं आहे आणि दोन बटणंही आहेत.

मित्राने ती पेटी बंपरांच्या जवळ, हादरे सर्वांत जास्त बसतात अशा जागी बसवली आहे. मुंडकं स्प्रिंगवर आहे. चेंडू बंपरांत सापडला की ठाण ठाण कॉइल वाजतात, प्लास्टिकची पट्टी थरथरते आणि सैतान मान डोलावू लागतो. मोटर नाही, वायर नाही. बाकी प्रत्येक प्रतिकृतीचा जो शत्रू, तो हादरा इथे कामाला लावला आहे. आणि मान डोलावतो तोही नेमका कधी? चेंडू खेळाडूच्या ताब्यात नसतो तेव्हा, बंपर त्याला हवं तिथे फेकत असतात तेव्हा. खेळातला निव्वळ नशिबाचा भाग चालू झाला की सैतान होकार देतो. हे मित्राने ठरवून केलं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, “जागा रिकामी होती रे, आणि स्प्रिंग तिथे हलेल हे दिसत होतं.” जागेने सुचवलं आणि त्याने ऐकलं, एवढं मला पुरेसं आहे.

प्रकाशाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. मैदानावरचा स्थिर उजेड साधारण सहा व्होल्टच्या बल्बांचा असतो आणि प्रतिकृतीतला दिवा चिमटे लावून त्यांच्यावर जोडता येतो. चेंडूच्या खेळाप्रमाणे लुकलुकणाऱ्या दिव्यांना मात्र हात लावायचा नाही. त्यांना संगणक आळीपाळीने वीज पुरवत असतो आणि तिथे जादा भार जोडणं धोक्याचं. काही प्रसंगी हे यंत्र स्थिर उजेडही मंद करतं. जुने बल्ब तेव्हा हळूच मावळतात, साधे एलईडी लावले तर फडफडतात. म्हणून ज्याला प्रतिकृती यंत्राच्या श्वासाबरोबर चालवायची आहे तो अजून तारेचा बल्ब वापरतो. त्याची उष्णता सांभाळावी लागते. याच यंत्रातल्या घड्याळामागचे दिवे तापून तिथला सर्किट बोर्ड करपतो, हा अनेक मालकांचा अनुभव आहे.

पण सर्वांत सुंदर वापर झगझगाटी बल्बचा, जो एरवी बंद असतो आणि मोठ्या प्रसंगी क्षणभर कडाडतो. १९६३ च्या ‘नाइटमेअर ॲट २०,००० फीट’ या भागात रात्री, वादळात, विमानाच्या खिडकीतून एका प्रवाशाला पंखावर एक केसाळ जीव दिसतो. तो इंजिनाची मोडतोड करतो आहे. प्रवासी इतरांना दाखवायला जातो तेव्हा तो तिथे नसतो. पुन्हा शॅटनर, पुन्हा मॅथिसन. मित्राने या जीवाची बोटभर प्रतिकृती करड्या रंगात रंगवली आणि एका रॅम्पच्या मागे, अशाच बल्बच्या शेजारी, काळ्या पट्टीवर बसवली. स्थिर उजेडात ती जवळजवळ दिसत नाही. बल्ब कडाडला की दिसते, तीही खालच्या टोकाशी उभ्या असलेल्यालाच, कारण बाजूने पाहणाऱ्याच्या आणि तिच्या मध्ये रॅम्प येतो. मी खेळत होतो, बल्ब चमकला, आणि मी शेजारी उभ्या असलेल्या वहिनींना म्हणालो, “तिकडे काहीतरी आहे.” त्यांना काही दिसलं नाही. दिसणारच नव्हतं.

इथे प्रतिकृतीने गोष्टीतली वस्तू आणून ठेवली एवढंच झालं नाही. गोष्टीत जे घडतं ते तिने खेळाडूवर घडवलं. एकट्यालाच दिसणं, विजेच्या कडाडण्यात दिसणं, दुसऱ्याला दाखवता न येणं. हे साधलं कशावर? एका रॅम्पची उंची, एका बल्बची जागा, पाहणाऱ्याचा कोन आणि करड्या रंगाची एक छटा. मजकुराचा एक शब्दही नाही. लॉलरच्या यंत्रातलं जे उत्तम आहे त्याच तोलाचं हे मला वाटतं. त्याने पांढऱ्या चेंडूला लोहचुंबकांची सत्ता नाकारण्याची मुभा दिली, म्हणजे अनोळखी प्रदेशातला वेगळा नियम हाताला जाणवून दिला. तिथेही सांगणं नव्हतं, घडवणं होतं.

बाहुलीवरून मात्र आमचं अजून ठरलेलं नाही. टॉकी टीना ही ‘लिव्हिंग डॉल’ या १९६३ च्या भागातली बोलकी बाहुली. घरातल्या सावत्र बापाला ती गोड आवाजात धमकावते. या यंत्राच्या मालकांमध्ये ती फार प्रिय आहे आणि बहुतेकजण तिला कुठेतरी मागे, ऐटीत उभी करून ठेवतात. मित्राला ते पटत नाही. “ती बोलते म्हणून टीना,” तो म्हणतो, “नुसती उभी असली तर ती कुणाचीही बाहुली झाली.” आवाजाचं यंत्र जोडावं तर खेळाचा स्वतःचा आवाज आहे, सर्लिंगच्या धाटणीतलं निवेदन आहे, त्यात दुसरं बोलणं घुसवायचं नाही.

माझं म्हणणं जागेचं आहे. त्या भागात बाप जिन्यावर पडलेल्या बाहुलीला अडखळतो आणि खाली कोसळून मरतो. पिनबॉलच्या मैदानावर कोसळण्याची एक जागा आहे खालच्या टोकाला, कडेच्या त्या अरुंद गल्लीत, जिथून चेंडू गेला की परत येत नाही. टीना तिथेच हवी. मित्राने पुठ्ठ्याची बाहुली कापून त्या गल्लीवरच्या प्लास्टिकवर उभी केली आणि आम्ही खेळून पाहिलं. अर्थ बरोबर होता, खेळ बिघडला. पेटीला धक्का देऊन चेंडू वाचवायचा तो क्षण नेमका तिच्या झग्यामागे लपत होता. त्याने पुठ्ठा काढून टाकला, आणि तो बरोबर होता.

मग त्याला सुचलं की गोष्टीत ती उभी कुठे असते? जिन्यावर ती आडवी पडलेली असते. आडव्या बाहुलीची उंची दोन सेंटीमीटरही भरत नाही, तिच्यावरून गल्ली पूर्ण दिसते, आणि तिथल्या प्लास्टिकला पेच आधीच आहेत. आता तो पाठीत नट बसेल अशी टीना घडवतो आहे.